दशमी, चटणी आणि उचकी

"अहो, पाय! पाय बाजूला घ्या… त्यात माझा बाप्पा आहे!"

मुलुंड चेकनाक्यावर मिनीबसमध्ये चढताना देवेशचा बूट जानकीच्या निळ्या सॅकला लागला होता. त्याने चटकन वाकून सॅकला हात लावला, तो कपाळाला टेकवला आणि वर पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं, असं तिला वाटलं.

"देवाला ट्रेकला नेतेस?"

"रोजची पूजा चुकवत नाही मी. म्हटलं, त्यालाही तेवढाच हवापालट."

"मग ही सॅक मी उचलणार. भांडुपचे लोक देवाला ओझं म्हणत नाहीत."

"आणि आम्ही बोरिवलीचे म्हणतो?" जानकीने विचारलं आणि स्वतःच हसली.

वाघजाईच्या खिंडीची चढण सोनकीच्या फुलांनी पिवळीधमक झाली होती. मधूनच धुकं यायचं आणि पुढचा माणूस दिसेनासा व्हायचा. तिने हात मागितला नाही, त्याने पुढे केला नाही. पण निसरड्या कातळावर त्याच्या काठीचं एक टोक कसं कोण जाणे तिच्या मुठीत आलं… आणि सपाटी लागली तरी तिथेच राहिलं.

"बाप्पा, सांभाळ रे हिला," तो पाठीवरच्या सॅकला सांगायचा. "पडली तर माझ्यावर येईल."

"तुझ्यावर आळ येईल, की मी?"

"…काहीही चालेल यार!"

कलत्या उन्हात सगळे खिंडीत पोहोचले. बाकीचे तंबू ठोकायला लागले, मैत्रीण माधुरी बाटल्या घेऊन टाक्यावर गेली आणि जानकीने देवळाच्या पायरीवर डबा उघडला. चातुर्मासात ती मौनाने जेवायची. पहिल्या घासापासून चूळ भरेपर्यंत शब्द नाही, हुंकार नाही, खाणाखुणाही नाहीत. तोंडातून शब्द गेला की पानावरून उठायचं, आणि नेम मोडला.

दशमीचा पहिला घास तोंडात गेला आणि देवेश शेजारी येऊन बसला.

"सोमवारपासून नाशिकला नोकरी माझी. रविवारी घरी येत जाईन. तेव्हा… तुला भेटायला आलो तर चालेल? हे बघ, तोंडावर 'नाही' म्हणायला नको. नुसती गप्प राहिलीस तरी समजेन मी."

जानकीने डोळे विस्फारले. आता काय करू? एक शब्द, आणि इतक्या महिन्यांचा नेम जाणार. न बोलावं, तर हा जाणार!

तो थांबला. सोनकीचं एक फूल बोटांत फिरवत राहिला. मग हळूच ते पायरीवर ठेवून उठला.

"समजलं गं. सॉरी हं…"

तिने घाईघाईने घास गिळला. कोरडी शेंगदाण्याची चटणी घशात अडकली.

उचक्!

देवेश वळला. समोरून माधुरी बाटल्या सावरत आली.

"पाणी दे ना तिला," तो म्हणाला. "आणि बोलायला लावू नकोस. माझ्यावर रागावली आहे ती."

"रागावली? अरे वेड्या, मौन आहे तिचं! जेवताना आमच्याशीपण बोलत नाही." माधुरीने बाटली पाठीमागे लपवली. "पाणी थांब गं. आधी कळू दे, कोण आठवण काढतंय. आई?"

उचक्!

"ऑफिसातले अंबादास सर?"

उचक्! उचक्!

"मावशी? समोरची चंपाकाकू?"

उचक्!

देवेश दोन पावलं पुढे आला. कान लालेलाल झाले होते त्याचे.

"…देवेश?"

वाऱ्याने देवळाची घंटा किणकिणली. माधुरी वाट बघत राहिली, देवेशही. उचकी काही आली नाही.

जानकीने मान खाली घालून शांतपणे दशमी संपवली. चूळ भरली. पायरीवरचं पिवळं फूल उचलून सॅकमधल्या बाप्पाला वाहिलं आणि मनातल्या मनात त्याला समजावलं, की श्वास रोखून धरणं म्हणजे काही बोलणं नव्हे.

मग ती देवेशकडे वळली.

"रविवारी ये. पण जेवणाच्या आधी ये हं… मला खूप बोलायचंय."