देवीपुढचा पोशाख

"या साडीला कात्री लावलीस तर याद राख, उल्का!"

अमेरिकेत, बेलव्ह्यूच्या त्या घरात, आईच्या शिवणयंत्रापुढे, तिची डाळिंबी कांजीवरम छातीशी घट्ट धरून सावनी उभी होती. आईला जाऊन सहा महिनेही झाले नव्हते. नवरात्रात आई दरवर्षी देवळात देवीपुढे भरतनाट्यम नाचायची. दर वेळी आपली एक रेशमी साडी कापून नाचाचा पोशाख शिवायची, आणि देवीपुढे नाचलेला तो पोशाख पुन्हा कुठल्याही स्टेजवर चढू द्यायची नाही. कपाट असं रिकामं होत गेलं... उरली होती ती ही एकच!

"ताई, प्लीज. देवळाच्या कमिटीनं विचारलं, आईच्या जागी घरातलं कुणी नाचेल का म्हणून. मी हो म्हटलं."

हो म्हटलं! आईच्या आजारपणात नोकरी सोडून उशाशी बसली ती सावनीच. आणि त्याच्या कितीतरी आधी, घराला एकीच्याच अरंगेत्रमचा, स्टेजवरच्या पहिल्या जाहीर नाचाचा, खर्च झेपणार होता तेव्हा, "मला नाही आवडत नाच" असं हसत खोटं बोलून धाकटीच्या पायांत घुंगरू बांधले होते, तेही तिनंच. कधी बोलून दाखवलं नाही. आजही दाखवणार नव्हती. उल्का सुरेखच नाचायची. आईची जागा तिचीच...

तिनं साडी टेबलावर पसरली. "घे. पण पदर पुढच्या निऱ्यांच्या पंख्याला लाव. आईला तसाच आवडायचा."

उल्कानं टेप उचलली आणि सावनीच्या कमरेभोवती टाकली!

"अगं, माझं माप कशाला?"

"मग कुणाचं? तुझं नाव दिलंय मी." उल्कानं टेप घट्ट ओढली. "आईनं सांगितलं मला शेवटच्या कॉलवर. तुझं खोटं तिला तेव्हाच कळलं होतं, ताई! आणि घुंगरू मिळाले म्हणून मी इतकी खूश होते, की तुला कधी विचारलंसुद्धा नाही गं..."

"वेडी आहेस का? मला आता काय येतंय!"

"बस. अरमंडीत."

या पोशाखाचं माप उभ्यानं घेत नाहीत. गुडघे बाजूंना दुमडून अर्धं बसलं, की मगच कळतं निऱ्यांचा पंखा किती उघडेल ते.

सावनीनं टाचा जोडल्या. पाठ आपोआप ताठ झाली. गुडघे करकरले, पण वळले... डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलं नाही. हात कमरेवर होते.

"अजून खाली," उल्का रडता रडता हसली. "एवढ्यावर आईनं सोडलं असतं का तुला?"

सावनी अजून खाली बसली.