डहाळीची खिंड

हरिहरपंतांना डोंगराचं वेड होतं. ठाण्याच्या कचेरीत कारकुनी करणाऱ्या माणसानं रविवारी सावकाश जेवावं, पान लावावं आणि दुपारी लवंडावं, एवढंच तेव्हा लोकांना ठाऊक. खाडीवर आगगाडीचा पूल होऊन वीसेक वर्षं झाली होती, पण मोकळी हवा खायला बायको-मुलींना घेऊन डोंगर चढणारा गृहस्थ गावानं पाहिला नव्हता. पंत हे गोऱ्या साहेबाचं बघून शिकले होते. वैशाखात करवंदांसाठी, श्रावणात धबधब्यासाठी, आश्विनात पिवळ्या फुलांच्या पठारासाठी, पौषात कोवळ्या उन्हासाठी. ऋतू पालटला की चेंदणीच्या धक्क्यावर गोमाजी कोळ्याची होडी करायची, खाडी ओलांडायची आणि समोरच्या रांगेतली खिंड चढून माथा गाठायचा. लोक हसत. पंतांना ते आवडे. चार लोकांपेक्षा आपण वेगळे, ही गोष्ट त्यांना साखरभातापेक्षा गोड लागायची.

खरं सांगायचं तर त्यांच्या बायकोलाही, सुमतीलाही, डोंगर आवडायचा. एरवी चुलीपुढून माजघरात आणि माजघरातून चुलीपुढे. वर मात्र वारा डोईवरचा पदर उडवून लावी आणि तो सावरायला सांगणारं कुणी नसे. दोन मुली पुढे धावत. थोरली हेमा नऊ वर्षांची, धाकटी मंदा सहाची. हेमाची एक खोड होती. मंदाच्या हातातलं करवंद तिला नेहमी आपल्या करवंदापेक्षा काळंभोर दिसे. “अदलाबदल करू या गं,” म्हणायची, आणि मंदा बिचारी मुकाट्यानं देऊन टाकायची.

त्या खिंडीत डहाळदेव होता. मूर्ती नाही, शेंदूर नाही, नुसता डहाळ्यांचा ढीग. खाली वाळलेल्या, वर ओल्या. चढताना ज्यानं त्यानं एक हिरवी डहाळी तिथं ठेवायची आणि आपलं नाव मोठ्यानं घ्यायचं. उतरताना आपली डहाळी उचलायची आणि घरच्या तुळशीपाशी आणून टाकायची. ज्यांची नावं घेतली, त्यांना डोंगर खाली सोडतो. लाकूडतोडे हे करत, मध काढणारे करत, तसे पंतांच्या घरचेही करत. अडचण एवढीच, की सुमती नवऱ्याचं नाव कसं घेणार? पंत स्वतः असल्या गोष्टींना हात लावत नसत. म्हणून ते काम हेमाचं. “हरिहर! सुमती! हेमा! मंदा!” असं ती खिंड दणाणून ओरडायची आणि बापाचं नुसतं नाव घ्यायला मिळालं म्हणून खिदळत सुटायची.

गेल्या श्रावणात ती शेवटची खिदळली.

त्या दिवशी खिंडीच्या वर पाऊस लागला. हेमाचे ओठ काळेनिळे पडले, दातांवर दात वाजायला लागले. “अहो, थांबा ना जरा,” सुमती म्हणाली. “पोर गारठलीय. परत फिरू या.” पंत छत्री घेऊन पुढे चालले होते. “जरासं पुढं जाऊ,” ते मागे न बघता म्हणाले. “एवढ्या-तेवढ्यानं काही होत नाही.” धबधबा बघूनच ते परतले. आठवड्याच्या आत पोर तापानं गेली.

माणूस चुकतो. चुकला, म्हणावं. बायकोपुढे एकदा मान खाली घालावी. पंतांनी तेवढंसुद्धा केलं नाही. “आयुष्याची दोरीच तेवढी होती,” असं ते भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिले, आणि आत स्वयंपाकघरात सुमती ते प्रत्येक वेळी ऐकत राहिली. तेराव्यानंतर तिनं त्यांच्याशी अबोला धरला. जे काही बोलायचं ते मंदाच्या तोंडून. “सांग त्यांना, पानं वाढलीत.” “सांग त्यांना, तेल संपलंय.” पोटात मात्र निखारा होता, आणि तो ती विझू देत नव्हती.

पौषात पंत म्हणाले, “मंदे, सांग आईला, उद्या डोंगरावर जायचंय.”

मंदाला आठ दिवस कोरडा खोकला होता. खो-खो करून पोर रात्री उठून बसायची. सुमतीच्या अंगाचा तिळपापड झाला. “सांग त्यांना, एक खाल्लीत, आता दुसरी न्यायची आहे का?”

पंतांनी ते ऐकलं होतंच. “मोकळ्या हवेनं खोकला जातो,” ते भिंतीकडे बघत म्हणाले. “आईला यायचं नसेल तर आपण दोघं जाऊ.”

मग न जाऊन सांगते कुणाला? पोरीला एकटी त्यांच्या हाती सोडायची नाही, एवढ्यासाठी सुमती निघाली. दशम्या बांधल्या, मंदाच्या कानांना फडकं गुंडाळलं. मंदाला धडधाकट घरी आणायची, बाकी जग गेलं खड्ड्यात, असं मनाशी म्हणतच ती होडीत बसली.

खिंडीत पोचले तेव्हा पंत थांबले नाहीत. जाता जाता त्यांनी हातातल्या काठीनं डहाळ्यांचा ढीग ढोसला. “मंदे, सांग आईला, हा पोरखेळ आता पुरे. माझी डहाळी-बिहाळी ठेवायची नाही.” आणि जोड्यांच्या टाचा खडकावर आपटत ते वर गेले.

सुमतीनं निरगुडीची एक डहाळी मोडली आणि आपलं नाव घेतलं. कुड्याची मोडली आणि “मंदा” म्हटलं. मग ती थांबली.

“आई, अण्णांचं नाव मी घेऊ?” मंदानं विचारलं. “ताई घ्यायची तसं?”

पोर मागत होती. हो म्हणायला काय लागत होतं? पण त्या घटकेला सुमतीला ते काळेनिळे ओठ दिसले, आणि छत्रीखाली पुढे चालणारी ती पाठ दिसली.

“नको,” ती म्हणाली.

तिनं करवंदीच्या जाळीत हात घातला. काटे लागले, लागू दिले. एक काटेरी डहाळी तोडून तिनं ढिगावर तिसरी म्हणून ठेवली आणि खिंडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “हेमा!”

वारा पडला. तिला बरं वाटलं, बस्स. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं.

माथ्यावर ऊन होतं. खाली खाडी पसरलेली, पुलावरून धूर सोडत गाडी कल्याणकडे निघालेली. जेवणं झाली तरी पंत दगडावर बसून पुलाकडेच बघत होते. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, “हेमाला इथून गाडी बघायला फार आवडायचं.”

सुमतीचा हात थांबला. आता म्हणतील, असं तिला वाटलं. आता तरी म्हणतील.

“आयुष्याची दोरीच तेवढी होती तिची,” पंत म्हणाले.

तिनं फडकं झटकलं, मंदाचं मनगट धरलं आणि उतरायला लागली. येतात की नाही, बघितलंसुद्धा नाही. थोड्या वेळानं मागे पावलं वाजायला लागली. येतायत. येईनात का, नाहीतर तिथंच बसेनात का!

खिंडीत उतरेस्तोवर दिवस कलला. तिथं ऊन आधीच सरलं होतं आणि सावली गार पडली होती. कसलासा वास येत होता. ओल्या मातीचा, शेवाळाचा, कुजक्या पानांचा. पौषात कुठला आलाय असा वास? पण सुमतीचं डोकं ठिकाणावर नव्हतं. खाली वाकून तिनं आपली निरगुडी उचलली. “मंदा, घे तुझी. चल,” म्हणून ती पुढे झाली. मागे ढिगात पुन्हा खसखस झाली. कुणीतरी डहाळी उचलत होतं. मग दबक्या आवाजात काही कुजबुज.

म्हणजे आता सुचलं यांना! वर जाताना काठीनं ढोसलं, आणि उतरताना गुपचूप हात घालतायत! मग मात्र तिचा तोल सुटला. समोर बघत, मंदाला पुढे करून, ती बोलत सुटली. “सांग त्यांना, भ्यालात ना? माझं पोर गारठत होतं तेव्हा ही भीती कुठं गेली होती? धबधबा बघायचा होता! साहेबासारखी हवा खायची होती! सांग त्यांना, त्या दिवशी नुसतं मागं वळून बघितलं असतंत...”

“आई,” मंदा हळूच म्हणाली. “अगं, मागे...”

“मागे बघायचं नाही!” सुमती ओरडली. “त्यांनी बघितलं होतं का?”

मंदा वाटभर पुन्हा बोलली नाही, खोकलीही नाही. मागची पावलं तेवढी येत राहिली. पंतांच्या जोड्यांच्या टाचा टक् टक् वाजत. ही पावलं तशी वाजत नव्हती. पचक... पचक... अनवाणी पाय चिखलात पडावेत, तशी. जोडे काढले असतील हातात, असं सुमतीनं स्वतःला सांगितलं. रागावलेल्या माणसाला काहीही पटतं.

काठावर गोमाजी होडीत वाट बघत बसला होता. म्हातारा झाला होता, तिन्हीसांजेला त्याला धड दिसत नसे. डोळ्यांवर आडवा हात धरून त्यानं वाटेकडे पाहिलं.

“आयलाव का, बाय? बरा झाला. भरती लागली हाय.” मग तो हसला. “थोरली बाय बी आयली का? सकाली नवती दिसली. लय दिवसान् बघितली गो तिला.” आणि जरा थांबून, “पन भिजली कशी ही येवरी? आनि राव कुठं हायेत?”

उजव्या हातात मंदाचं मनगट होतं. आता डाव्या हातात एक हात शिरला. लहान, थंड, ओला. करंगळी धरायची सवय कुणाची होती, ते काय आईला सांगायला हवं?

तेवढ्यात वरून, खिंडीच्याही वरून, हाक आली.

“अगं... थांब ना जरा... वाट सापडत नाही...”

पंतांचाच आवाज होता. तो आवाज इतका घाबरलेला तिनं कधी ऐकला नव्हता. सुमतीला सगळं कळलं. कुणाचं नाव घेतलं, कुणाचं घेतलं नाही, आणि डोंगरानं त्याचा काय हिशेब धरला. अजून उजेड होता. परत चढता येत होतं. एक डहाळी ठेवून, आयुष्यात एकदा, नवऱ्याचं नाव घेता येत होतं. पण मग ही? हिला परत त्या ढिगापाशी सोडायचं? करंगळीवरची पकड घट्ट झाली.

“अगं... थांब गं...”

इतक्या महिन्यांत सुमती पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली. मान वर न करता, अगदी शांतपणे.

“जरासं पुढं जाऊ,” ती म्हणाली. “एवढ्या-तेवढ्यानं काही होत नाही.”

मग ती मुलींना घेऊन होडीत चढली. “गोमाजी, सोड होडी. राव मागून येतील.”

होडी निघाली. हाक बारीक होत गेली आणि वल्ह्यांच्या आवाजात बुडाली. तेव्हा कुठं सुमतीनं मान वळवून पाहिलं. समोरच्या फळीवर हेमा बसली होती. परकर निथळत होता, केस कपाळाला चिकटले होते. भीती वाटायला हवी होती, नाही वाटली. आपलं पोर होतं. तिनं पदर ओढून त्यात हेमाला घेतलं आणि खसाखसा तिचे हात चोळले. चोळता चोळता हात ऊब धरायला लागले. गालांवर रंग चढला. ओठ लाल झाले.

आणि हेमा खोकली. खो-खो, कोरडं. आठ दिवस रात्ररात्र उठवणारा खोकला.

सुमतीचे हात थांबले. ती वळली. मंदा होडीच्या कडेला मुकाट्यानं बसली होती, मूठ आवळून.

“मंदे,” ती कशीबशी म्हणाली. “तुझी डहाळी... बघू गं...”

मंदानं मूठ उघडली. आत करवंदीची डहाळी होती. काटे तळहातात रुतले होते. पण रक्त नव्हतं. नुसतं पाणी येत होतं.

“ताई म्हणाली, अदलाबदल करू या,” मंदा म्हणाली. ओठ काळेनिळे झाले होते, तिला नीट बोलताही येत नव्हतं. “मी दिली.”

वर आभाळात एकही ढग नव्हता. मंदाच्या वेणीतून एक थेंब फळीवर पडला. मग दुसरा.