क्रमांक सातची पावलं

आमची पहिली भेट कमेंटमध्ये झाली. हसायचं तर हसा!

मी धावण्यावर संशोधन करते. आमचे शोधनिबंध प्रशिक्षक वाचत नाहीत, म्हणून त्यांचे छोटे व्हिडिओ करून माझ्या पेजवर टाकते. त्या दिवशी 'धावपटू क्रमांक सात'च्या नोंदींवरून त्याच्या पावलांचा आवाज तयार करून टाकला. नाव आमच्याकडे नसतंच, त्यामुळे कुणी ओळखणार नाही असं मी धरून चालले होते. तीन वर्षं या सातनं मला वेड लावलं होतं. त्याचं डावं पाऊल किंचित उशिरा पडायचं... कुणाची तरी वाट बघत असल्यासारखं.

खाली एका प्रशिक्षकानं लिहिलं, "चौदाव्या पावलाला तो श्वास रोखतो."

अंगावर सर्रकन काटा आला. आमची यंत्रं पावलं मोजतात, श्वास नाही! पुन्हा ऐकलं. चौदावं पाऊल – आणि मग बारीकशी शांतता.

"तुम्हाला कसं ठाऊक?" मी लिहिलं.

"उद्या येऊन सांगतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेत मी एकटीच होते. बाहेरच्या लांब बोळात पावलं वाजली. टप... टप-टप. मोबाइल बघितला, व्हिडिओ बंद होता. टप... टप-टप. नकळत मी मोजू लागले – बारा, तेरा, चौदा...

शांतता.

दारात एक उंच माणूस उभा होता, गळ्यात शिट्टी.

"सात?" माझ्या तोंडून निघालं.

"तोच. गुडघा गेला, आता मुलांना शिकवतो. काल मैदानावर तुमचा व्हिडिओ लावला, तर सगळी माझ्याच पायांकडे बघायला लागली."

यानं तक्रार केली तर माझं पेज बंद, नोकरीही जाणार. "चुकलंच माझं," मी चाचरले. "लगेच काढून टाकते."

"नका काढू." तो चक्क लाजला. "लोक म्हणतात, हा लंगडतो. तुम्ही व्हिडिओखाली लिहिलंत – या पावलाकडे मायेनं बघा."

"ते प्रशिक्षकांसाठी होतं!"

"मग मी कोण आहे?"

मला हसू फुटलं. चहाला म्हणून आम्ही निघालो. बोळात तो एकदम थांबला.

"तुमचंही डावं पाऊल उशिरा पडतंय."

मी खाली बघितलं. खरंच की! कधीपासून, देव जाणे.

"तीन वर्षं रोज तुमचीच पावलं मोजतेय," मी हळूच म्हटलं. "जीव जडला, त्याला मी काय करू?"

त्यानं नुसता हात पुढे केला. आम्ही चालू लागलो. चौदाव्या पावलाला दोघांनीही श्वास रोखला.