लवू परबाचा आवाज

माडवण्याच्या देवळात लवू परबाचा आवाज गाऱ्हाणं घालत होता आणि लवू परब स्वतः बाहेर पायरीवर बसून नारळ सोलत होता. शारजात राहणाऱ्या, गावच्या एका सुनेला सातवा महिना लागला होता. तिचं, नवऱ्याचं, सासूचं नाव घेऊन आवाज रवळनाथाला विनवत होता, नेमक्या जागी दम घेत होता, शेवटी लवूसारखाच किंचित खाकरतही होता. फोनच्या पडद्यावर ती सून डोळे पुसत होती.

आवाज एका पितळी डब्यातून येत होता. देवस्थान समितीने त्याचं नाव ठेवलं होतं स्वरप्रत. दोन वर्षांपूर्वी लवू तीन महिने रोज सकाळी सभामंडपात बसून यंत्राशी बोलला होता. जुनी गाऱ्हाणी, गप्पा, शिव्यासुद्धा. त्यावरून यंत्र त्याचा गळा शिकलं. आता समितीने नावं आणि मागणं टंकून दिलं की बाकीचं गाऱ्हाणं स्वरप्रत लवूच्या ढंगात जुळवायची. गावची माणसं जगभर पांगलेली, आणि गाऱ्हाण्याचा मान परबांत एकट्या लवूच्या घराचा. तेव्हा ही सोय लवूलाही पटली होती.

त्याला गळ घातली होती मधूने. मधू त्याचा चुलतभाऊ, समितीचा अध्यक्ष, लहानपणी एका ताटात जेवलेला. यंत्र शिकून झाल्यावर, आवाज समितीला देण्याच्या करारावर सही करण्याआधी लवूने त्याला एकट्याला गाठून सांगितलं होतं, की आपल्या घरात राहतो तो रावसाहेब भाडेकरू नाही. गडहिंग्लजहून बोटींची इंजिनं दुरुस्त करायला आलेला हा माणूस नऊ वर्षं आपला जोडीदार आहे. देवापुढे रोज उभं राहायचं आणि भावापासून लपवायचं, हे लवूला जमेना.

मधूने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "देवाक ठावक आसा मा? मग गावाक कळान काय होतला? तू सही कर."

सही झाली. महिन्याभरात समिती बसली आणि गाऱ्हाण्याचा मान लवूकडून काढून घेतला. ठरावात कारण लिहिलं 'गावाची रीत'. आवाज मात्र ठेवून घेतला; आवाजाला विटाळ नसतो म्हणे. गरज सरो, वैद्य मरो अशी म्हण आहे. इथे वैद्य जिवंत होता आणि त्याला रोज स्वतःचंच गाऱ्हाणं ऐकावं लागत होतं.

"तू त्या देवळात जातोस तरी कशाला?" रावसाहेब विचारायचा. "हाकललं न्हवं तुला?"

"देवान खंय हाकलल्यान?" लवू म्हणायचा. "देव माझो, गाव माझो. माका दोनय व्हये."

"आणि मी?"

"तूय व्हयो."

"लई मागतोस गड्या."

खरं तर त्याचं मागणं एवढंसं होतं. शिमग्याला पालखी दारात आली की घरातल्या माणसांची नावं गाऱ्हाण्यात घेतात. त्यात एकदा रावसाहेबाचं नाव यावं. मान गेला तर गेला. लवू मन मारून मधूकडे गेला आणि तेवढंच मागितलं.

"दोघांचाय नाव घेतलव," मधू म्हणाला. "शब्द देतंय."

पालखी दुपारी चारला आली. रावसाहेबाने सकाळीच अंगण सारवलं होतं. हात रॉकेलने धुऊनही नखांत ग्रीस राहिलं होतं, म्हणून तो हात मागे बांधून उभा होता. लवूने नारळ ठेवला. मधूने डबा चालू केला.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा," लवूचा आवाज म्हणाला, "आज तू लवू परबाच्या दारात इलंस. ह्या घरात लवू आसा, रावसाहेब आसा..."

लवूचे डोळे भरून आले.

"...ह्यांका जी काय वायट बुद्धी झाली आसात, ती काढून टाक. रावसाहेबाक तेच्या मुलखाक परत धाड. लवूक पयल्यासारखो कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," चाळीस माणसं म्हणाली.

गाऱ्हाण्याला असा हुंकार द्यायचाच असतो. आधी ऐकून, विचार करून कुणी देत नाही. दोघी-तिघींनी म्हणून झाल्यावर तोंडाला पदर लावला. मधू पालखीच्या गोंड्याकडे बघत राहिला. त्याने शब्द पाळला होता, नाव दोघांचंही घेतलं होतं.

"हे तू कधी म्हटलंस?" रावसाहेबाने हळू आवाजात विचारलं.

"मी नाय म्हटलंय. समितीन लिवन दिल्यानी."

"आवाज तुझा हाय, लवू. ते खाकरणंबी तुझंच." रावसाहेब त्याच्याकडे बघेना. "असलं तू कधीच मागितलं न्हाईस देवाला?"

एकोणिसाव्या वर्षी लवूने हेच मागितलं होतं, जवळपास ह्याच शब्दांत, वर्षभर.

"मागलंय," तो म्हणाला. "तेवा तू नव्हतंस."

रावसाहेब वळला आणि उंबऱ्यापाशी गेला. आत त्याची अवजारांची पेटी होती, गावात येताना एवढीच आणलेली.

लवू पालखीपुढे आला. "मधू, डबो बंद कर."

"मान आता तुझो नाय."

"मान तुका ऱ्हवांदे. माका तोंड आसा."

मधूने डबा बंद केला. लवूने हात जोडले.

"बा देवा म्हाराजा. दोन वर्सां माझो आवाज तुका दुसऱ्यांनी ऐकवल्यानी. आज माझो मी बोलतंय. माका बदल म्हणान तीस वर्सांमागे तुझ्याकडे मागलंय. तू बदललंस नाय, ता बरा केलंस. माझ्या भावान माका फसवल्यान, तेचो राग माझ्या पोटात आसा, मी लपवणय नाय. ह्यो रावसाहेब माझ्या घरचो माणूस. आमी दोघव आसव तशे पदरात घे रे म्हाराजा."

दोन वर्षांत सराव गेलेला. आवाज दोनदा फाटला. डब्यातला बरा होता, असं मागे कुणीतरी शेजाऱ्याला म्हणालंच.

पण हुंकार कुणीच दिला नाही. हुंकार न मिळालेलं गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही, असं गावात मानतात. लवूने गाऱ्हाणी घातली त्या बावीस वर्षांत तसं एकदाही घडलं नव्हतं.

"व्हय महाराजा," उंबऱ्यावरून रावसाहेब म्हणाला. त्याने ते आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं होतं, आणि एकट्याने.

पालखी खांद्यावर घेतलेली पोरं मधूकडे बघत होती. मधू खाली बघत होता. पालखीला अजून बरीच घरं घ्यायची होती, पण पाऊल कुणी उचलेना. ह्या चाळीस जणांत आता दुसरा हुंकार कोण देणार होता?