रेषेबाहेरचा गडी

दिवाळी होऊन चार दिवस झाले होते आणि योगेश घरात नुसता बसून होता. तेव्हा त्याच्या आईनं, अनसूयाबाईंनी, त्याला काम काढून दिलं. "वलगावला जाऊन ये. गोदाबाईंना हा फराळाचा डबा दे. बंडू गेल्यापासून त्यांच्याकडे कढई चढत नाही."

योगेश अकोल्याच्या जठारपेठेतला. मस्कतला एका बांधकाम कंपनीत नोकरीला होता आणि तिथल्या परदेशी लोकांच्या संघात रग्बी खेळत होता. ही दुसरी गोष्ट त्याचे वडील नारायणराव चारचौघांत सांगत नसत. कोणी विचारलंच तर 'ऑफिसतर्फे क्रिकेट खेळतो' म्हणत. एकदा त्यांनी फोनवर सामना पाहिला होता. तीस धडधाकट माणसं एका लांबट चेंडूसाठी एकमेकांच्या अंगावर पडतात, कान चिरडून घेतात आणि शेवटी हसत हात मिळवतात, हे पाहून ते एवढंच म्हणाले, "यांना घरी कोणी विचारत नाही का?"

या वेळी मात्र योगेश ठरल्याआधीच आला होता, आणि आल्यापासून त्याचं डोकं फिरलेलं होतं. ताट आलं तर ताटावर, पंखा लागला तर पंख्यावर चिडत होता. कारण घरात कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. सांगितलं असतं तरी आधी खेळाचे नियम समजावण्यात अर्धा दिवस गेला असता.

रग्बीत चेंडू हातात घेऊन पुढे पळायचं, पण साथीदाराला देताना फक्त मागे द्यायचा. त्यामुळे ज्याला चेंडू हवा तो मागून धावत येतो आणि हाक मारतो. पळणाऱ्यानं वळून पाहायचं नाही. हाकेवर विश्वास ठेवायचा आणि चेंडू सोडायचा. दिल्यावरही थांबायचं नाही. ज्याला दिला त्याच्या मागे धावायचं, कारण अडला तर तो परत तुम्हालाच देतो. सगळा खेळ मागून येणाऱ्या हाकेवर चालतो.

आणि नेमकं हेच योगेशला जमत नव्हतं. पायात वेग होता. अमरावतीला कॉलेजात असताना कबड्डीत त्याला पकडणं मुश्किल होतं. पण मागून हाक आली की त्याचं अंग आखडायचं. पहिल्या हाकेला तो चेंडू सोडायचा नाही, दुसरीलाही नाही. तिसरी येईपर्यंत समोरचे दोघं त्याला मातीत गाडून मोकळे झालेले असायचे. गॅरेथ म्हणून एक वेल्श शाळामास्तर संघाचा कप्तान होता. तो आधी समजुतीनं आणि नंतर ओरडून विचारायचा, "तुला ऐकू येत नाही का?" दोन वर्षं योगेशनं बाकावर बसून पाण्याच्या बाटल्या वाटल्या. पाणी वाटण्यात त्याचा हात धरणारा संपूर्ण ओमानात कोणी नव्हता.

ऐकू सगळं येत होतं. खोड जुनी होती आणि ती बंडूनंच लावलेली होती.

बंडू वलगावचा, गोदाबाईंचा मुलगा. कबड्डीच्या संघात योगेशचा जोडीदार. शनिवारी योगेश त्याच्यासोबत वलगावला मुक्कामाला जायचा. पहिल्याच खेपेला बंडूनं या शहरी पोराला बजावलं होतं, "दिवेलागणीले मांगून हाक आली त ओ नाही द्यायची, समजलं? भूत दोनच हाका देते. तिसरी आली त माणूस हाय, मंगच पाहायचं." योगेश हसला होता. पण त्या वयात ऐकलेलं अंगात मुरतं.

पुढच्या पावसाळ्यात दोघं दोन मोटारसायकलींवर वलगावला निघाले होते. दिवेलागणीची वेळ. नदीच्या बुटक्या पुलावरून पाणी वाहत होतं, फार नाही, पाऊलभर. योगेश पार झाला आणि पलीकडे पाठमोरा थांबून रेनकोटची बटणं लावू लागला. मागून हाक आली, "योग्या!" तो थबकला. मग दुसरी आली, "योग्या, हात दे!" तो तसाच उभा राहिला, तिसरीची वाट पाहत. आता हा गमतीनं तिसरी देईल आणि भित्रा म्हणून हसेल, असं त्याच्या मनात होतं.

तिसरी आली नाही. वळून पाहिलं तेव्हा पुलावर पाण्याशिवाय काही नव्हतं.

बंडू तीन दिवसांनी खाली एका बाभळीला अडकलेला सापडला. योगेशनं सर्वांना सांगितलं, पाण्याच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. त्या दोन हाका त्यानं कोणालाही सांगितल्या नाहीत. आईला नाही, गोदाबाईंना तर नाहीच.

तिसऱ्या वर्षी एकाचा पाय मोडला आणि योगेशला चौदा नंबरची जर्सी मिळाली. चौदा नंबर उजव्या टोकाला खेळतो. त्याच्या उजवीकडे फक्त मैदानाची पांढरी रेष असते. अंतिम सामना दसऱ्यानंतरच्या शुक्रवारी दुबईहून आलेल्या संघाशी होता. शेवटची दोन मिनिटं, संघ दोन गुणांनी मागे, आणि चेंडू योगेशच्या हातात आला. तो रेषेच्या कडेनं सुटला. समोर एकच आडवा येणारा. डावीकडे आतल्या बाजूनं एक आयरिश गडी मोकळा धावत होता आणि हाका मारत होता. त्याला चेंडू द्यायचा, बस. शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

तेवढ्यात उजव्या खांद्यामागून कोणीतरी म्हणालं, "योग्या."

उजवीकडे रेष होती. रेषेपलीकडे पत्र्याचं कुंपण. कुठूनसा चिखलाचा वास आला, पावसाळ्यातल्या काळ्या मातीचा. मस्कतला तो कुठून येणार?

"योग्या… हात दे."

त्याचे पाय पळत होते, पण अंग पुलापलीकडे उभं होतं, पाठमोरं.

"योग्या… मले दे."

तिसरी.

त्यानं दोन्ही हातांनी चेंडू उजवीकडे सोडला. रेषेबाहेर.

सामना हातचा गेला. गॅरेथ ओरडला नाही, हेच वाईट. तो फक्त म्हणाला, "तिथे कोण होतं, योगेश?" याचं उत्तर योगेशकडे होतं, पण ते इंग्रजीत सांगण्यासारखं नव्हतं आणि मराठीतही नव्हतं. भरीस भर म्हणजे चेंडू सापडेना. कुंपणाच्या आत मोकळी जागा, लपायला एक झुडूप नाही, तरी पंधरा माणसं अर्धा तास शोधत होती. शेवटी फोनवर संघाच्या गटात निरोप आला की पुढच्या मोसमात चौदा नंबर दुसऱ्याला दिला आहे. तीन वर्षांची हाडं मोडून योगेशच्या पदरात एवढंच पडलं.

तर त्या दिवशी अमरावतीला उतरून त्यानं अनुप नावाच्या मित्राची मोटारसायकल घेतली आणि डबा अडकवून वलगावला पोहोचला. नदीवर आता उंच पूल झाला होता. त्यानं तो समोर बघत पार केला.

गोदाबाई ओसरीवर वाती वळत बसल्या होत्या.

"आला का बाप्पा? वाळला रे तू. तिकडं खाले देत नाहीत का तुले?"

"देतात ना मावशी. आईनं फराळ पाठवला आहे."

"अनसूयाबाईले काय काम आहे एवढं करायचं? ये, आत ये. दिवा लावतो मी, मंग च्या मांडतो."

आत अंधारून आलं होतं. गोदाबाईंनी देवाच्या फळीवर निरांजन लावलं आणि योगेशच्या हातातला डबा खाली पडला.

फळीवर, देवांच्या शेजारी, तो चेंडू होता. पांढरा, लांबट, बाजूला मस्कतच्या संघाचं चिन्ह, लाल रंगातलं खजुराचं झाड. त्याला हळदकुंकू लावलेलं होतं. खरबरीत कातड्याच्या खाचांत वाळू होती, आणि वाळूवर काळा ओला चिखल.

"मावशी… हे कुठून आलं?"

"पयले मले नारळच वाटला," गोदाबाई वात सारत म्हणाल्या. "दसरा झाल्यावरचा शुक्रवार होता. अशीच दिव्याची वेळ. दारातून आला अन् इथं पडला. ओलाचिंब. म्या पुसला अन् ठेवला. काहून, तुहा आहे का?"

योगेशनं मनातल्या मनात वेळेचा हिशेब केला. चेंडू सुटला तेव्हा तिथले पाच, म्हणजे इथले साडेसहा. त्यानं हात पुढे करून चेंडू उचलला. तो थंड होता.

"नेतो मी हा, मावशी."

"ने की. पण बस घडीभर. तो येते आता."

"कोण?"

गोदाबाई दाराकडे पाहत राहिल्या. रस्त्यावर एक ट्रॅक्टर गेला आणि त्याचा आवाज विरला. मग कुंपणाशी कोणीतरी म्हणालं, "योग्या."

निरांजनाची ज्योत हलली नाही. गोदाबाईंनी तोंडावर बोट ठेवलं.

"योग्या…" हे अंगणातून आलं.

"मावशी, हे…"

"चूप," त्या कुजबुजल्या. "तवाही दोनच देल्या होत्या ना त्यानं? तू उभा होता. सांगतलं त्यानं मले. राग नाही केला."

योगेशच्या पाठीला भिंत टेकली होती. कुडाची, लिंपलेली भिंत, तिच्यामागे परसातला उकिरडा. ती भिंत त्याला पाठीवर गार लागत होती, आणि तरीही तिसरी हाक आली ती उजव्या खांद्यामागूनच आली, कानाशी, ओल्या श्वासासकट.

"मले दे."

हात आपोआप वळले. शरीराला लागलेली सवय, दुसरं काय. भिंतीवर चेंडू आपटल्याचा आवाज व्हायला हवा होता. झाला नाही. दोन तळव्यांत काहीतरी नेमकं बसावं, तसा बारीक आवाज झाला.

योगेश वळला. भिंत कोरडी होती. खाली जमिनीवर चेंडू नव्हता.

गोदाबाई उठल्या. त्यांनी दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघडल्या आणि बाजूला सरकून उभ्या राहिल्या. बाहेर नदीकडे जाणाऱ्या वाटेवर अंधार साचत होता. बाईंच्या आवाजात राग नव्हता, माया होती.

"देलास ना? मंग बसून काहून राहिला? जाय ना त्याच्या मांगं. तो परत देते म्हणे."