कप खाली ठेवणारी मुलगी

अम्मानच्या वेब्दे वस्तीत, चढावरच्या बेकरीत त्या रविवारी, म्हणजे तिथल्या आठवड्यातल्या कामाच्या पहिल्या सकाळी, तेरा पुरुष रांगेत उभे होते, बाहेर पाऊस तिरपा झोडपत होता आणि लुजैन चौदावी होती.

"उख्ती, ताई, तुम्ही पुढे या!" भट्टीवाल्यानं हाक मारली. बायकांनी पावासाठी ताटकळायचं नाही, त्यांनी सरळ पुढे यायचं, हा अम्मानमधल्या बेकऱ्यांचा रिवाज. लुजैनला तो मुळीच आवडत नसे.

"माझा नंबर आला की येईन."

"अहो, बाईमाणूस रांगेत उभं... बरं दिसत नाही ते."

"मग बघू नका. डोळे मिटा."

रांगेत खसखस पिकली. तिच्या मागून एक आवाज आला, "बाई, तुम्ही पुढे गेला असता तर एक मिनिट गेलं असतं. या वादात तीन गेली."

तिनं वळून पाहिलं. ओले कुरळे केस, चष्म्याच्या काचांवर थेंब, आणि ओठांच्या कोपऱ्यात एक आगाऊ हसू. ती गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ पाहत राहिली. तिनं मनातल्या मनात स्वतःला दटावलं.

"एवढी घाई असेल तर तुम्ही जा माझ्या पुढे."

कोणीही भला माणूस 'नको, नको' म्हणाला असता. हा गेला! वर भट्टीतले शेवटचे दोन तिळाचे पाव घेऊन आला आणि दारात थांबून त्यातला एक तिच्यापुढे धरला.

"घ्या. तत्त्वानं पोट भरत नाही."

"माझं भरतं," ती मान वर करून म्हणाली. नेमकं तेव्हाच तिचं पोट असं गुरगुरलं की भट्टीवाल्यालाही ऐकू गेलं. चष्मेवाला हसला नाही, फक्त पाव तिच्या हातात ठेवून पावसात पळाला. आणि ती, तत्त्वाची मुलगी, चढ चढता चढता तो गरम पाव खात सुटली.

अर्ध्या तासानं ऑफिसात तोच चष्मा तिच्यासमोर उभा.

शाळेची बस कुठवर आली, पोर कुठल्या थांब्यावर उतरलं, हे आईबापांना फोनवर दाखवणारं ॲप सहाजणांची टीम तिथं बनवत होती. मालक अबू तराद सिमेंटच्या धंद्यातून आलेले. मनानं दिलदार, पण उंटावरून शेळ्या हाकायची भारी हौस.

"हा झैदून," ते म्हणाले. "आपला नवा प्रॉडक्ट ओनर. शाळांना काय हवं ते हा सांगणार. आणि ही लुजैन, टीमची स्क्रम मास्टर."

"मास्टर? म्हणजे छडीबिडी...?"

"छडी नाही," लुजैन म्हणाली. "मी टीमच्या वाटेतले धोंडे उचलते. काय करायचं ते तुम्ही सांगा. किती झेपेल ते टीम सांगणार. आणि मध्ये कोणी लुडबुड केली की मी आडवी येते."

"बेकरीत आलात तशा?"

"तश्शीच."

"मग आधीच सांगून टाकतो..." त्यानं चष्मा पुसला. "मी शाळांना ॲप सुरू करायची तारीख देऊन आलोय. दहा फेब्रुवारी."

कोपऱ्यातून फवाजनं, टीममधल्या सगळ्यात तिरकस माणसानं, विचारलं, "कोणाला विचारून?"

झैदून खरोखरच गोंधळला. "विचारायचं असतं?"

"शाब्बास!" अबू तरादनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "याला म्हणतात नेता!"

"नाही, उस्ताज," लुजैन म्हणाली. "ओझं दुसऱ्याच्या पाठीवर टाकायचं आणि वाट आपण दाखवायची, याला नेता म्हणत नाहीत."

झैदूनचे कान लाल झाले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, टीम रोज उभ्यानंच घ्यायची त्या बैठकीत, तो सगळ्यांच्या आधी हजर होता आणि पंधरा मिनिटं एक अक्षर बोलला नाही. ऐकत राहिला. ते लुजैनला... आवडलं. आवडलं म्हणून तिला रागही आला.

जानेवारी सगळा पावसात गेला. ऑफिस सुटलं की दोघं एकाच जिन्यानं उतरायचे, कारण वेब्देच्या त्या दगडी पायऱ्यांशिवाय दुसरी जवळची वाट नव्हती, असं दोघंही म्हणायचे. टॅक्सीचा रस्ता दारातच होता, हे दोघंही विसरायचे. खाली एक म्हातारा दालचिनी भुरभुरलेलं गरम, दाट दुधाचं सहलेब विकायचा.

"तुम्ही मला अजून माफ केलं नाहीत," एकदा तो म्हणाला.

"कशाबद्दल? तारखेबद्दल की पावाबद्दल?"

"पाव तर तुम्ही खाल्लात. वाटेत. मी वळून पाहिलं होतं."

"झैदून!"

"अख्खा खाल्लात."

तिनं त्याला छत्रीचं टोक टोचलं. तो हसत मागे सरला आणि पायरीवरून घसरला. तिनं झटकन त्याची बाही पकडली, आणि मग ती सोडायची कधी हे दोघांनाही सुचेना... पाऊस छत्रीवर टपटपत राहिला. त्या संध्याकाळपासून 'तुम्ही' कधी गळून पडलं ते कळलंच नाही.

दर दोन आठवड्यांनी टीम एक बैठक घ्यायची, झालं-गेलं पाहायला. दार बंद. फोन टोपलीत. आत जे बोललं जाईल ते आतच राहणार, हा लुजैनचा शब्द. मालकांनाही तिथं मज्जाव होता. जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी त्या खोलीत हाला, दोन लेकरांची आई, तपासणीचं काम करणारी, एकदम रडायलाच लागली.

"चाळीस थांबे... मी तपासलेच नाहीत. तपासले म्हणून खुणा केल्या. तारीख जवळ आली होती, धाकटा तापानं फणफणला होता. मला भीती वाटली."

कोणी तिला दोष दिला नाही. फवाजनं पाण्याचा ग्लास पुढे केला. झैदून मात्र खाली मान घालून बसला होता. ती तारीख त्याची होती.

रात्रीचा दिवस करूनही दहा तारीख गाठणं शक्य नव्हतं. लुजैननं अबू तरादना सरळ सांगितलं, चाळीस थांबे पुन्हा तपासायचे आहेत, दोन आठवडे लागतील.

"कोणी केलं हे?"

"टीमनं."

"टीमला तोंड नसतं. मला नाव हवं. गुरुवारी दुपारी शाळांच्या मुख्याध्यापिका येणार आहेत. त्यांना सांगायला हवं की चूक करणाऱ्याला हाकलला. नाव आलं नाही, तर तू जायचं."

दोन रात्री तिला झोप नव्हती. वडिलांची पेन्शन तुटपुंजी होती, घर तिच्या पगारावर चालायचं. आणि हालाचं घर हालाच्या. पण नुसती नोकरीची गोष्ट असती तर तिनं सोडून दिलीही असती. तिनं शब्द दिला होता.

गुरुवारी सकाळी झैदून मालकांच्या खोलीतून बाहेर आला. दार बंद होतं तेवढा वेळ लुजैन बाहेरच घुटमळत होती. मंगळवारच्या बंद बैठकीतलं सगळं, हालाचं नावसुद्धा, त्यालाही माहीत होतं.

"काय सांगितलंस त्यांना?"

"काळजी करू नकोस. नाव दिलं."

"कोणाचं?"

"माझं. राजीनामाही दिला. आता तुला कोणी काही—"

"मला विचारलंस?"

"अगं, मी तुला वाचवलं..."

"मला विचारलंस? टीमला? तारीख दिलीस कोणाला न विचारता, आता बळीही द्यायला निघालास कोणाला न विचारता! शहीद व्हायची एवढी हौस? रविवारी शाळांना काय हवं ते कोण सांगणार आम्हाला, अबू तराद?" तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं, पण आवाज हलला नाही. "तू गेलास तर... मला काय होईल याचा विचार केलास?"

हे शेवटचं तिला बोलायचं नव्हतं. बोलून गेली.

"चल," ती म्हणाली. "सगळे चला."

टीमचे सहा आणि हे दोघं, असे आठजण मालकांच्या खोलीत शिरले. घरी असो की ऑफिसात, आलेल्या माणसाला कॉफी दिल्याशिवाय अबू तरादना चैन पडत नसे. राग आला तरी रिवाज तो रिवाज. वेलदोड्याची कडू कॉफी छोट्या कपांतून आली. त्यांनी स्वतःच्या हातानं पहिला कप लुजैनला दिला.

तिनं तो घेतला, आणि न पिता समोर टेबलावर ठेवला.

अबू तरादचा हात किटलीवरच राहिला. मागणी घेऊन आलेला माणूस असा कप ठेवतो आणि मागणी मान्य होईपर्यंत त्याला शिवत नाही; कप तसाच गार झाला तर अब्रू यजमानाची जाते. लग्न जमवताना, खुनाचा समझोता करताना, जमातीचे पांढऱ्या दाढ्यांचे वडीलधारे ठेवतात. तीस वर्षांच्या मुली नाहीत ठेवत.

"उचल तो कप," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"आधी ऐका, उस्ताज. नाव मिळणार नाही. तपासायला दोन आठवडे हवेत. आणि झैदूनचा राजीनामा फाडायचा."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"मग तुमच्या छपराखाली माझी कॉफी थंड होईल."

फवाजनं आपला कप तिच्या कपाशेजारी ठेवला. मग दुसऱ्यानं. तिसऱ्यानं. हाला पुढे आली. "उस्ताज, ते मी—"

"हाला," लुजैन म्हणाली, "कप ठेव."

तिनं ठेवला. शेवटी झैदून. पण त्यानं आधी लुजैनकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "ठेवू?"

"ठेव," ती म्हणाली.

"बाईमाणसानं कप ठेवलेला माझ्या सात पिढ्यांत कोणी पाहिला नाही!" अबू तराद गरजले.

"मग तुम्ही पहिले. आज नाव दिलं, तर उद्या त्या खोलीत कोणी तोंड उघडणार नाही. चुका होतील आणि झाकल्या जातील. आणि एक दिवस सहा वर्षांचं पोर भलत्या थांब्यावर, पावसात, एकटं उतरेल तेव्हा आपल्याला कळेल. ज्यानं कबूल केलं त्यानं ते पोर वाचवलंय. त्याला हाकलायचं? मला हाकला. नाव देणार नाही."

अबू तराद खिडकीपाशी गेले. कपांवरची वाफ संपली. त्यांना पाच नातवंडं होती, तिघं शाळेच्या बसनं जायची.

"दोन आठवडे," ते न वळता म्हणाले. "एक दिवस जास्त नाही. राजीनामा टोपलीत गेला. पण त्या मुख्याध्यापिकांना तोंड कोण देणार? तू?"

"नाही. तारीख मी दिली नव्हती."

"मी देतो," झैदून म्हणाला.

"तर मग प्या एकदाची!" मालक ओरडले. "अजून गार करून माझं नाक कापणार का?"

आठही कप एकदम उचलले गेले. एवढी थंड आणि कडू कॉफी लुजैननं जन्मात प्याली नव्हती.

मुख्याध्यापिकांनी झैदूनला तासभर उभा-आडवा घेतला. एक म्हणाली, "मी चारशे आयांना काय सांगू?" तो म्हणाला, "खरं सांगा. तारीख मी दिली, करणाऱ्यांना न विचारता. चूक माझी. चाळीस थांबे नीट तपासल्याशिवाय तुमचं एकही मूल आमच्या भरवशावर बसमध्ये बसणार नाही." त्या धुसफुसल्या, पण थांबायला तयार झाल्या.

संध्याकाळी दोघं रस्त्यावर आले. पाऊस होताच. आज जिन्याकडे कोणी वळलं नाही, कुठेच जायची घाई नव्हती.

"लुजैन... एक विचारायचंय. ठरवलेलं काही नाही. म्हणजे, माझ्या मनानं ठरवलंय, कधीच, बेकरीतच. पण तू म्हणशील तसं. आवडतेस मला. फार. पुढे... माझ्याबरोबर... येशील?"

"एवढा अडखळतोस होय रे तू? शाळांसमोर तर खडाखडा बोलत होतास."

"तिथं फक्त नोकरी जाणार होती."

तिला हसू आलं आणि रडूही आलं. "हो," ती म्हणाली. "हो, झैदून. मलाही आवडतोस. कधीपासून ते विचारू नकोस, सांगणार नाही."

"मग उद्या शुक्रवारच्या सुट्टीला मी काकांना, मामांना घेऊन तुझ्या वडिलांकडे—"

"थांब! माझी गोष्ट माझ्या घरी आधी मी सांगणार. माझ्या तोंडानं." तिनं तिथंच, भिजत, फोन काढला आणि आईला लावला. "यम्मा? बस आधी. नाही गं, कोणाला काही झालं नाही. एक मुलगा आहे... हो, ऑफिसातला... नाही, बाबांना आत्ता बोलावू नकोस. ओरडतील? ओरडू देत. मी ठरवलंय."

पलीकडून आईचा आवाज इतका चढला की झैदूनलाही ऐकू आला, "आणि मुलाकडचे येणार कधी?"

"ते आम्ही दोघं मिळून ठरवू, मग तुला सांगू," लुजैन म्हणाली, आणि मोकळ्या हातानं, भर रस्त्यात, सगळ्या वेब्देच्या नाकावर टिच्चून, तिनं त्याचा हात धरला.