कुळथातली बशी

बशी माझ्या डोक्यात पडायची ती दोन हात चुकली आणि कुळथात जाऊन बसली. शेंदरी रंगाची, चहाच्या बशीएवढी, कुठे एक चरासुद्धा नाही. मी वाकून तण काढत होते. आई पलीकडच्या बांधाच्या मेरेवर होती. तिनं बशीकडे बघितलं, वर सड्याकडे, त्या उघड्या कातळाच्या पठाराकडे बघितलं.

"सड्यार कोण तरी बंदूक चालवूक शिकवता म्हणतत. तेचीच असतली. ऱ्हवांदे."

"ऱ्हवांदे कित्या? डोक्यात पडली असती तर?"

"पडूक नाय मा?"

आईचं हे असंच. मी बाबांच्या वळणावर गेलेय. सोमवार ते शुक्रवार ओरोसच्या कचेरीत 'कृपया' आणि 'आपण' करून जीभ आंबते, त्यामुळे शनिवारी आचऱ्याच्या एस्टीत बसले की तिला मोकळं रान लागतं. ओढणी कमरेला खोचली, बशी उचलली आणि तरातरा सडा चढले.

वर कोल्हापूरकडचे चार पाहुणे कानांना जाड बोंडं लावून उभे होते. त्यांना शिकवणारा उंच, सावळा मुलगा... त्यानं मला बघितलं मात्र, लगेच हात वर केला. बंदूक मधोमध वाकवून उघडली, काडतुसं काढली, ती बाजूला ठेवली, लाल बावटा चढवला आणि मगच माझ्याकडे आला. ती शिस्त बघून माझा अर्धा राग तिथेच उतरला. पण एवढा चढ काय मी फुकट चढले होते?

"ही तुमची?"

त्यानं बशी उलटीपालटी करून बघितली. "आमचीच. अख्खी आसा, म्हणजे नेम चुकलो. फुटली असती तर तुमच्यापर्यंत पोचाचीच नाय."

"म्हणजे चूक तुमची आणि डोक्या आमचा?"

"शिकाऊ आसत ते. यंत्र बशी उडवता, ते बार मारतत... आणि चुकतत."

"मगे शिकाऊंका बोलावतास कित्या?"

"शिकाऊ इले नाय तर शिकलेले खंयसून येतले?" म्हणाला, आणि मग एकदम चेहरा पडला त्याचा. "तुमका लागली असती तर... माफ करा. आजचा बंद."

खरंच बंद केलं त्यानं. पाहुणे कुरकुरले. एकजण म्हणाला, "अहो, मग नवख्यानं यायचं तरी कधी?"

"ते यांना विचारा," असं म्हणून त्यानं माझ्याकडे बोट केलं.

मलाच ओशाळल्यासारखं झालं. ते झाकायला मी म्हटलं, "शिकवतास ता ठीक. तुमका तरी येता काय?"

त्यानं खाली कोणी नाही ना ते बघितलं, बंदूक खांद्याला लावली आणि यंत्रापाशी उभ्या पाहुण्याला हाक दिली. दोन बश्या सुटल्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. ठो... ठो. दोन्हींची शेंदरी पूड झाली. गुलाल उधळल्यावर राहतो तशी ती हवेत राहिली क्षणभर. मी गप्प उभी. मी गप्प होते हे आमच्या घरात कोणाला सांगितलं तर पटायचं नाही.

गुरुप्रसाद त्याचं नाव. फोंडाघाटच्या बाजारपेठेत त्यांचं दुकान. राज्याकडून खेळून पदक आणलेलं, पण ते मला त्यानं नाही, गूगलनं सांगितलं. हो, शोधलं मी. त्यात काय?

पुढच्या रविवारी खाज्याचा पुडा घेऊन तो आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, हजर.

"काकी, तुमच्या शेताक तरास होव नये. शिकाऊंका वर्षातसून कधी बोलवू, ता तुमीच सांगा."

आईनं चहा पुढे केला आणि सावकाश सुरुवात केली. "मिरगापासून पाऊस. सड्यार धुक्या, तुझी बशी तुकाच दिसाची नाय. दसऱ्यापर्यंत भात उभा. मगे कापणी. ती झाली की कुळीथ. शिमग्याक काजू. काजू सरले की परत मिरग."

"म्हणजे शिकाऊंनी येवचाच नाय?"

"मिया खंय तसा म्हटलंय? मिया आमची कामा सांगलंय."

मला हसू आवरेना. तोही हसला, डोळे बारीक करून... नेम धरताना तो दोन्ही डोळे उघडे ठेवतो, हसताना मात्र मिटतात.

"शिमग्यानंतर मी सोताच कोणाक घेणय नाय," तो म्हणाला. "टिटवी सड्यार उघड्यार अंडी घालता. गेल्या वर्षी एक तर माझ्या यंत्राकडेच बसलेली. भोवती दगड लावन ठेवलंय आणि पिल्ला चालाक लागासर सगळा बंद."

एका टिटवीसाठी धंदा बंद ठेवणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होते. बंदूक म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर काहीतरी वेगळंच यायचं. हा माणूस त्यात कुठेच बसत नव्हता, आणि तो बसत नाही याचा मला इतका आनंद का व्हावा?

"सकाळी मारा," आई म्हणाली. "सकाळचो वारो दर्याक जाता. दुपारनंतरचो आमच्याकडे येता. चुकले तरी सकाळच्यो बश्यो पलीकडच्या कातळार पडतले."

गुरुप्रसादचा कप ओठांपाशीच थांबला. "हां... वारो. बरोबर आसा."

ठरलं. नवख्यांनी दिवाळी झाल्यावर यायचं ते शिमग्यापर्यंत, रविवारी सकाळी, वारा फिरायच्या आत.

"चला, सुटलो. आता बशी येवची नाय," मी म्हटलं. आणि म्हटल्यावर वाटलं, अगं बाई, हे कशाला म्हणालीस?

पण बशी आली. पुढच्याच रविवारी, दुपारचं जेवून शेतात गेले तर कुळथात दोन शेंदरी बश्या, अख्ख्या. आईचा वारा चुकला म्हणायचा, दुसरं काय. मी टोपलीत घातल्या आणि वर पोचवल्या. त्याच्या पुढच्या रविवारी परत. मग ती माझी वहिवाटच झाली. टोपली घेऊन वर जायचं, त्याच्या थर्मासातला पाणचट चहा प्यायचा, नावं ठेवत ठेवत दुसरा कप मागायचा.

एकदा म्हणाला, "शिकतंस?" कधी 'तुमी'चं 'तू' झालं, दोघांनाही कळलं नव्हतं.

"माका काय करूचा आसा शिकान?"

"माझ्यार नेम धरूक उपयोगी पडात."

"तेका बंदूक कित्या होयी?" मी म्हटलं, आणि तो कानापर्यंत लाल झाला.

त्याला शिकवताना बघणं म्हणजे... काय सांगू. आवाज चढवायचा नाही, हसायचं नाही. माझा खांदा धक्क्यानं दुखेल म्हणून स्वतःचा टॉवेल घडी करून दिला. "बंदुकीकडे बघू नको. बशीकडे बघ. आणि बार झालो तरी हात थांबव नको. थांबलंस की गेली." दहा चुकवल्या असतील मी. एकदाही 'अरेरे' म्हणाला नाही. मग एक फुटली. मी वळून त्याच्याकडे बघितलं, तर तो आभाळाकडे बघतच नव्हता. तो आधीपासून माझ्याकडेच बघत होता... आणि मग घाईघाईनं काडतुसं मोजायला लागला.

कुळीथ पिवळा पडला, शेंगा वाळल्या. शिमगा जवळ आला. त्या रविवारी टोपली घेऊन वर गेले तर यंत्रावर ताडपत्री. हा कातळावर बसलेला.

"पुण्याक बोलावलानी," तो म्हणाला. "मोठी रेंज आसा. बारा महिने शिकवूचा. उद्या कळवूक होया."

माझ्या हातातली टोपली जड झाली. "मगे? जातलंस?"

"हय अर्धा वर्ष रिकामा बसाचा. आजच बघ, सकाळपासून एकय शिकाऊ इलो नाय. यंत्राक हात लावूक नाय मी."

मी 'बरं' म्हणणार होते. कचेरीतल्यासारखं, सभ्य. अभिनंदनसुद्धा म्हटलं असतं बहुतेक. पण नजर टोपलीत गेली. तीन बश्या. दुपारी कुळथातून उचललेल्या, अजून उन्हानं कोमट.

"आज कोणीच इलो नाय?"

"नाय."

"मगे ह्यो तीन कोणी चुकवल्यान?"

गुरुप्रसाद उठून उभा राहिला. परत बसला.

"बारसुद्धा ऐकूक नाय मी," मी म्हटलं.

"बार मारूकच नाय." त्याचा आवाज अगदी खाली गेला. "तुमी जेवक गेलात की... नुसत्यो उडवतंय. दुपारच्या वाऱ्यार सोडतंय."

"दर रविवारी?"

"दर रविवारी."

"म्हणजे वाऱ्याचा तुका पयल्यापासून ठाऊक होता?"

"तुमच्याकडे इल्लंय तो ताच सांगूक. तुझ्या आवशीन आधी सांगल्यान. मगे वाटला... बशी गेली नाय तर तू परत वर कित्या येतलंस?"

पदक मिळवलेला माणूस. दोन बाजूंना उडालेल्या दोन बश्यांची पूड करणारा. आणि माझ्यासाठी हा दर रविवारी अख्ख्या बश्या वाऱ्यावर सोडत होता. मला रडू येत होतं आणि त्याच्या डोक्यात टोपली घालावीशीही वाटत होती.

"जाव नको," मी म्हटलं. "माका तू आवडतंस. बशी नसती तरी मी इलंय असतंय, गाढवा."

त्यानं टोपलीतली एक बशी उचलून परत ठेवली. मग हळूच म्हणाला, "पावसात काय करू गो मी? शिकाऊ नाय, काय नाय."

"पावसात आमची लावणी असता."

"माका लावणी येणा नाय. बाजारपेठेतलो मी. चिखलात उभो ऱ्हवाक जमाचा नाय."

"आमका शिकाऊ चलतत."

त्याचे डोळे मिटले... हसताना मिटतात तसे. "ह्या शिकाऊन कधी येवचा?"

"मिरग झालो की. पण आयेक विचारूक आजच येवक होया. ती आता चाय ठेवीत असतली."

त्यानं बावटा उतरवला, घडी केली आणि माझ्या हातातून टोपली घेतली. उतारावर मी पुढे, तो मागे. मध्येच त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. मी हात काढला नाही.

आई खळ्यातच होती. तिनं टोपलीकडे बघितलं. "बश्यो परत खाली कित्या हाडल्यात?"

"काकी," गुरुप्रसाद म्हणाला, "शिकाऊंचा विचारूचा होता."

"शिमगो इलो. आता कसले शिकाऊ?"

"लावणीचे."

आईनं त्याच्या हातांकडे बघितलं. मग माझ्या तोंडाकडे. आणि आत जाऊन तिसरा कप घेऊन आली.